आजोबांचा थोरला

माकली पकडायला गेलेली बोट दोन-अडीच महिने तोंड दाखवत नाही. ती निघाली की आम्ही बायका घरी येऊन भात लावतो आणि पुढचे दिवस समुद्राकडे बघायचं मुद्दाम टाळतो. त्यामुळे त्या सकाळी फळ्यांवर मांदेली पसरताना पाचवी मावशी "सातव्याची बोट आली" म्हणाली, तेव्हा मी तिला वेड्यातच काढलं.

"मावशी, डोळ्यांत फूल पडलंय तुझ्या. गेल्या आठवड्यात तर गेली."

"माझ्या पडलं असेल. तुझे डोळे चांगले आहेत ना? मग तूच बघ."

मी बघितलं. सातव्या काकांचीच बोट होती; आमच्यात थोरामोठ्यांना नावानं नाही, भावंडांतल्या नंबरानं हाक मारतात. पुढच्या टोकाला निळी नाळ, पाठीवर एकावर एक उपड्या घातलेल्या, माणूस बसेल एवढ्या गोल टोपल्या. चाल मात्र तिची नव्हती. चिखलातून ओझं ओढणाऱ्या रेड्यासारखी थांबत थांबत येत होती. माझ्या हातातली चाळण कलंडली आणि मांदेली वाळूत सांडली, ती मी उचललीसुद्धा नाही. बोट अशी अवेळी परत येते ती कुणीतरी गेलं म्हणून. कोण गेलं ते माणसं उतरेपर्यंत कळत नाही, कारण तांडेल वायरलेसवर नाव सांगत नाही.

वस्तीतल्या सगळ्या बायका किनाऱ्यावर जमल्या. कोणी कोणाकडे बघेना. जी ती मनातल्या मनात दुसरीच्या घराकडे बोट दाखवत होती. मीही दाखवत होते, खोटं कशाला बोलू? त्याच बोटीवरच्या दोंगची बायको त्रिन माझा दंड धरून उभी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं पोरीच्या, आणि तिची नखं माझ्या मांसात रुतत होती.

बोट जवळ आल्यावर तिच्या मागे पाण्यात काहीतरी दिसलं. काळं, लांबलचक, बोटीपेक्षा थोडंच लहान. देवळाचे मोठे काका काठी टेकत आले, कपाळावर हात धरून त्यांनी निरखून बघितलं आणि तसेच वाळूत गुडघे टेकले.

"आजोबा आहेत," ते म्हणाले. "आजोबा निजलेत."

देवमासा होता. पण आमच्याकडे त्याला देवमासा कोणी म्हणत नाही आणि तो मेला असंही म्हणत नाही. बुडत्या बोटीला आपल्या पाठीवर तोलून धरणारे ते आमचे आजोबा. ते निजलेले ज्याला पहिल्यांदा दिसतील तो त्यांचा थोरला मुलगा ठरतो. त्यानं कपाळाला तांबडं फडकं बांधायचं, सख्ख्या बापाचं करावं तसं सगळं करायचं आणि शंभर दिवस समुद्राच्या पाण्याला पाय लावायचा नाही. हंगाम जातो, पण मान फार मोठा असतो.

माणूस कोणी गेलं नाही हे कळलं आणि मला चक्क हसू फुटलं. त्रिन तर वाळूत बसून रडायला लागली. पाचवी मावशी म्हणाली, "हसतेस काय भवाने, पदर सावर, आजोबा आलेत." तरी माझं हसू आवरेना.

मग बोटीवरून टोपल्या पाण्यात पडल्या आणि एकेकीत दोन-दोन माणसं बसून वल्हवत यायला लागली. पहिल्याच टोपलीत तांबडं फडकं होतं. फडक्याखालचं तोंड मी ओळखलं आणि माझं हसू ओठांवर तसंच वाळलं. थुआन, माझा नवरा.

बायकांचे हात माझ्या पाठीवर पडायला लागले. "भाग्यवान घर गं," "लुआ, पुण्य फळाला आलं बघ." मला काही ऐकू येत नव्हतं. सातव्या काकांकडून हंगामाची उचल घेऊन आम्ही घरावर नवे पत्रे घातले होते. उन्हात चकाकणारे ते पत्रे किनाऱ्यावरूनही दिसत होते. ती उचल थुआनच्या टोपलीतून फिटायची होती, आणि तो आता शंभर दिवस टोपलीत बसणार नव्हता.

"नेमके तुम्हालाच दिसायचे होते?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"नाळेवर मीच होतो," तो म्हणाला. बघत होता माझ्या पायांकडे.

आजोबांना ओढून वर घ्यायला अख्खी वस्ती लागली. त्यांना तांदळाच्या दारूनं आंघोळ घातली, तांबड्या कापडात गुंडाळलं आणि देवळामागच्या वाळूत पुरलं. थुआन असा रडला की लोक आजोबांना सोडून त्यालाच बघायला लागले. सख्खा बाप गेला तेव्हा याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आता वाळूत लोळत होता, मोठ्या काकांनी दोन माणसं लावून त्याला उठवला. "मनापासून आहे हो," असं लोक म्हणत होते, आणि पत्र्यांची चिंता करत उभी राहिले म्हणून माझी मलाच लाज वाटली.

विधी उरकले आणि दुसऱ्या दिवशी सातवे काका आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. बोट त्यांची, तांडेलही तेच. वाईट माणूस नाही. पण अर्ध्या वाटेवरून परत यायचं म्हणजे डिझेल गेलं, बर्फ गेला, आणि पुन्हा सगळं भरायचं. माणूस दोन दिवसांत वाळला होता.

"आजोबांच्या मुलाला मी काय बोलणार," ते म्हणाले. "मीच पाया पडायला पाहिजे. पण लुआ, टोपली रिकामी नेता येत नाही. मोजक्या टोपल्या आहेत, तेवढ्यावर खेप उभी राहते."

"मग काय करू काका?"

"तुझ्या घरची जागा आहे ती. घरातलं दुसरं कोणी दे, जागा तुझी राहील, उचलही फिटेल. नाही दिलंस तर मी दुसरा माणूस घेतो. आणि एकदा दुसरा बसला की तो उठत नाही, तुला माहीत आहे. रोज सकाळी दारात चार जण उभे असतात माझ्या."

मला माहीत होतं. माकलीच्या बोटीवर जागा म्हणजे घराचा भात. एकदा गेली की नवरा बंदरावर हमाली करतो, बायको शहरात भांडी घासते. मूलबाळ आम्हाला नाही. मी घरात नजर फिरवली तशी काकांनीही फिरवली.

"मी आहे की," मागच्या पडवीतून आवाज आला.

माझा बा होता. आई गेल्यापासून आमच्याकडेच राहतो. साठी उलटलेली, गुडघे गेलेले. आई गेली त्याच वर्षी गुडघ्यांमुळे त्यानं बोट सोडली होती. त्याआधी उभा जन्म टोपलीत गेला त्याचा, आणि त्याच्याइतकी माकली त्या काळी कोणी आणत नसे.

"बा, तुझे गुडघे?"

"टोपलीत चालायला कुठं लागतं गं? बसायचंच तर असतं."

काका हसले, मीही हसले. टोपलीत बसायचं म्हणजे काय ते आम्हा तिघांना ठाऊक होतं. दिवस मावळताना बोट एकेक टोपली पाण्यात सोडत पुढे जाते. एका टोपलीत एक माणूस, माकलीला भुलवायला एक दिवा, एक गळ. दुसऱ्याचा दिवा ठिपक्याएवढा दिसतो, कधी दिसतही नाही. अंगाखाली विणलेला बांबू आणि त्याच्याखाली तळ नसलेलं पाणी. सकाळी बोट परत फिरून एकेकाला उचलते. ज्यानं जेवढी माकली धरली त्यावर त्याचा वाटा, दुसऱ्याची त्यात भागी नाही.

थुआन कोपऱ्यात बसून जेवत होता. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. नको म्हातारबा, आपण उचलीचं काहीतरी बघू, एवढं जरी म्हणाला असता. त्यानं भांड्यातून डोकं वर काढलं नाही. भात संपला तसा रिकाम्या भांड्यात चॉपस्टिक फिरवत बसला.

बोट निघाली त्या दिवशी थुआनला पाण्याजवळ यायची बंदी होती, म्हणून तो वर देवळापाशी उभा राहिला. कमरेएवढ्या पाण्यातून बाचा दिवा आणि बोचकं डोक्यावर घेऊन मी गेले. लाटेनं दोनदा पाडलं मला. बाला टोपलीत चढताना दोघांनी काखेत हात घालून उचलावं लागलं. दोंग म्हणाला, "सासरेबुवा, जपून, नवरीसारखं उचलून न्यावं लागतंय तुम्हाला," आणि सगळे हसले. बाही हसला.

"जावयाला बोलू नकोस," तो मला म्हणाला. "आजोबांनी निवडला त्याला. आपल्या हातात काय आहे?"

आजोबांशी कोण भांडणार.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगते. सकाळी मांदेली उकडायची, पसरायची, परतायची. दुपारी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायच्या, संध्याकाळी बोटं पांढरीफटक पडायची. थुआन मात्र बहरला. दोन्ही वेळा आजोबांच्या कबरीवर उदबत्ती लावायचा, येताना लोक त्याला बोलावून चहा द्यायचे, पहिली खुर्ची द्यायचे. घरी येऊन पन्हळ नीट करायचा, फळ्या ठोकायचा, माझ्याबरोबर मासळी पसरायला बसायचा. झोपला की घोरायचा. पूर्वी हंगाम जवळ आला की त्याचं अन्न तुटायचं, आता दोन भांडी भात खायचा आणि तिसऱ्याकडे बघायचा. लग्न झाल्यापासून असा गुणी नवरा मला मिळाला नव्हता, आणि मला तो डोळ्यांसमोर नको झाला होता. माझा बा त्याच्या जागी बसला होता आणि हा पन्हळी नीट करत होता.

एका दुपारी त्रिन आली. काखेत बदक, पाय बांधलेलं.

"ताई, हे भाऊजींना."

"कशाबद्दल गं?"

"असंच."

"असंच कोणी बदक देतं होय? अंडं देतात असंच."

तिनं बदकाच्या पायांची गाठ उगाच आवळली. मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? मला वाटलं, नवरा-बायकोत काय लपतं."

"काय सांगितलं नाही?"

"आजोबा आधी यांना दिसले होते ना. आमच्या ह्यांना."

बदकानं पंख झाडले आणि माझ्या तोंडावर धूळ आली.

"हे नाळेवर होते," त्रिन सांगायला लागली. आता थांबेचना. "भाऊजी शेजारी दोर गुंडाळत होते. ह्यांना दिसले आणि हे मटकन खाली बसले. लग्नाचं देणं, घर अर्धं बांधलेलं, आणि आता शंभर दिवस काठावर. रडायला लागले. भाऊजी म्हणाले, गप्प बस, तुला काही दिसलं नाही, मी ओरडतो. आणि ओरडले की हो. ताई, सख्खा भाऊ करणार नाही असं. यांनी मला शपथ घातली होती, पण मला राहवेना. तुमच्या घरावर किती ओझं पडलं ते दिसतं ना रोज."

ती गेली. मी बदक हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. कानात पाणी शिरल्यावर कसं होतं तसं झालं होतं, बाहेरचं सगळं लांबून येत होतं. दुसऱ्याचं घर बांधायला माझ्या बाला पाण्यात पाठवला. हेच एक डोक्यात फिरत होतं.

थुआन घरामागे फळ्यांवरची मांदेली परतत होता. मी बदक त्याच्या पायाशी टाकलं.

"दोंगकडून आलंय."

त्यानं बदकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. हातातली मासळी तो फळीवर एकेक ठेवत राहिला.

"एवढा धर्मात्मा कधी झालास?" मी म्हटलं. 'अहो-जाहो' कुठल्या कुठे गेलं होतं माझं. "परक्याच्या घराला छप्पर, आणि माझा म्हातारा बा टोपलीत?"

"दोंगसाठी नाही केलं."

"मग कुणासाठी?"

तो पुढची मासळी उचलायला वाकला. मी त्याच्या हातातली मासळी हिसकून फेकली.

"मला टोपलीत बसता येत नाही," तो म्हणाला.

मला वाटलं पाठ धरली असेल, गुडघा असेल. "दुखतं काय?"

"दुखत काही नाही. भीती वाटते."

असा शब्द मी आमच्या वस्तीत पुरुषाच्या तोंडून ऐकला नव्हता. दारू पिऊन नाही, तापात नाही. आणि हा भर उन्हात, मासळी परतता परतता म्हणाला. मला त्याचा अर्थच आधी लागेना.

मग त्यानं सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. मागच्या हंगामाच्या आधीच्या हंगामात वाऱ्यात त्याचा दिवा विझला होता आणि बोटीला तो सापडला तो दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर. घरी त्यानं हे सांगितलं नव्हतं. तेव्हापासून टोपली पाण्यात सोडली आणि बोटीचा मागचा दिवा लांब जायला लागला की याची छाती बंद व्हायची. गळ हातात धरता यायचा नाही. ओरडायचा. दोनदा ओरडल्यावर सातव्या काकांनी त्याची टोपली लांब दोरानं बोटीला बांधून ठेवली.

"बोटीच्या मागे माकली येत नाही," मी म्हटलं. कोळ्याच्या घरात वाढलेली मी, मला कळतं. "इंजिनाला बुजते."

"नाही येत."

"म्हणजे मागच्या हंगामात..."

"समुद्र वाईट नव्हता. सगळ्यांना मिळाली."

मागचा सगळा हिवाळा मी समुद्राला शिव्या दिल्या होत्या. सातव्या काकांनी वाट्यात खोट केली असं पाचव्या मावशीला सांगून बसले होते.

"पोरं मला वासरू म्हणतात," थुआन म्हणाला. "दावणीला बांधलेलं. यंदा काका म्हणाले, आता दोर देणार नाही, सुटा बस नाहीतर जागा सोड. बोट पुढे जात होती आणि मी दिवस मोजत होतो. आणि आजोबा आले. लुआ, मी त्या दिवशी रडलो ना, ते सुटलो म्हणून रडलो."

जवळच रिकामी चाळण पडली होती. ती मी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. पुन्हा घातली. त्यानं अंग चुकवलं नाही, त्याचाच मला जास्त संताप आला. मग एकदम मी चाळण खाली टाकली, कारण खरी गोष्ट मला तेव्हा सुचली.

"आजोबांना खोटा मुलगा लावलास," मी म्हटलं. "ते तिथं वाळूत खोट्या मुलाच्या रडण्यावर निजलेत. आणि माझा बा त्यांच्याच पाण्यात बसलाय."

"माहीत आहे. दोन्ही वेळा माफी मागतो त्यांची."

मोठ्या काकांकडे जाऊन सगळं सांगावं असं मला वाटलं. त्यांच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. पण सांगून काय झालं असतं? दोंगची छीथू, आमची त्याहून जास्त, जागा जाणार, आणि बा त्याच बोटीवर, त्याच लोकांत. मी उदबत्तीचा पुडा मागितला आणि परत आले. बदक दोन दिवस परसात ओरडत होतं, मग मी ते विकलं. माझ्या घशाखाली ते उतरलं नसतं.

त्यानंतर वारा पडला की मी उठून बाहेर बघायची आणि वारा सुटला की घरात येऊन बसायची. थुआनशी कामापुरतं बोलायची. तो पन्हळीवर चढून पडला असता तर मी आधी पन्हळ बघितली असती, इतकं माझं मन कडू झालं होतं.

बोट आली. बा जिवंत होता.

त्याला बघून मी कितीतरी वेळानं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. काळा ठिक्कर पडला होता, गालांत खड्डे, बोटांच्या चिरांत मीठ बसून त्या पांढऱ्या झालेल्या. पण त्याची माकली बोटीवर सगळ्यांपेक्षा जास्त भरली. उचल फिटली, वर तांदळापुरतं उरलं. सातवे काका सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हातारा नाही हो, राक्षस आहे. ह्या पोरांनी शिकावं."

"कसं होतं रे बा?" मी घरी विचारलं.

"माकली होती," बा म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. दोन दिवस तसाच बसून होता. थकला असेल, मला वाटलं.

शंभरावा दिवस आला. त्यानंतर लगेच बोट पुन्हा निघणार होती, म्हणून खलाशी, बायका, जागा मिळेल या आशेनं हिंडणारे आसपासच्या वस्त्यांतले लोक, सगळे देवळासमोर जमले. आज फडकं सुटणार आणि थुआनला टोपलीत बसावं लागणार. नाही बसला तर जागा जाईल, बसला तर तो मरेल किंवा वासरू होऊन परत येईल.

मोठ्या काकांनी उदबत्त्या लावल्या, तीनदा घंटा वाजवली आणि फडक्याची गाठ सोडायला हात पुढे केला. थुआननं दोन्ही हातांनी फडकं दाबून धरलं.

"मोठे काका, मला तीन वर्षं पाहिजेत."

काकांचा हात तसाच राहिला. जुन्या काळी होतं तसं. आजोबांच्या अस्थी वाळूतून काढून देवळात ठेवीपर्यंत, पुरी तीन वर्षं, थोरला मुलगा पाण्याला पाय लावत नसे. काकांच्या बापाच्या वेळी कोणीतरी पाळलं होतं म्हणतात. त्यानंतर कोणाच्या घराला परवडलं नाही.

"तीन वर्षं, पोरा?"

"सख्खा बाप असता तर पाळली असती ना?"

बायका रडायला लागल्या. पाचवी मावशी, जन्मात कोणाला बरं न म्हणणारी, माझ्यासमोर वाकली. दोंग खाली वाळूकडे बघत होता. मी थुआनकडे बघत राहिले. या माणसाच्या शेजारी मी इतकी वर्षं झोपले होते. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाची रेघ नव्हती, तो खरंच रडत होता.

सातव्या काकांना मात्र रडून चालणार नव्हतं. ते बाकडे वळले. "मग म्हातारबा? टोपली तुमची आता. तीन वर्षं."

सगळ्यांच्या माना बाकडे वळल्या.

"येतो की," बा हसून म्हणाला. "बसायचंच तर असतं."

लोक हसले. मी त्याच्या शेजारीच उभी होते. माझ्या पायाला काहीतरी कोमट लागलं म्हणून मी खाली बघितलं. बाच्या विजारीतून पाणी उतरत होतं, घोट्यावरून, वाळूत. वर तोंड हसरं आणि खाली विजार भिजत चाललेली. त्याला कळत होतं. तो हलला नाही. कोणी बघू नये म्हणून पाय नुसते जवळ घेतले त्यानं.

माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं ते मला आजही सांगता येत नाही. मी बाच्या पुढे जाऊन उभी राहिले, पदर पसरून.

"बा येणार नाही," मी म्हटलं.

"लुआ?" सातवे काका म्हणाले.

"मोठे काका, तुम्ही सांगा. तीन वर्षांचं सुतक थोरल्याच्या घराला लागतं की नाही? त्याच्या चुलीवर जो जेवतो त्याला?"

मोठ्या काकांनी दाढी कुरवाळली. "जुन्या काळी लागायचं. अख्ख्या घराला."

"बा माझ्याच चुलीवर जेवतो. तोही पाण्याला पाय लावणार नाही. आजोबांचं करायचं तर नीट करू."

माझाच आवाज मला परका वाटला. खोट्या मुलाचं खोटं सुतक, आणि मी आजोबांच्या देवळासमोर उभी राहून ते वाढवून मागत होते. थुआननं मान उचलून माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"जागा जाईल," सातवे काका हळू म्हणाले. "विचार कर पोरी."

"जाऊ दे."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत गर्दीतून एक माणूस पुढे आला. पलीकडच्या वस्तीतला, नावही मला माहीत नव्हतं. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बोटीकडे घेऊन गेले. इतका वेळ लागला फक्त. ज्या जागेसाठी मी बाला लाटांतून नेऊन बसवला होता, ती एवढ्यात दुसऱ्याची झाली.

मोठ्या काकांनी आणखी दोन फडकी आणवली. बा कबरीसमोर गुडघ्यांवर बसला, वाकला, आणि ओल्या विजारीला वाळू लागून सगळं झाकलं गेलं. मी त्याच्या शेजारी वाकले आणि आजोबांकडे काय मागावं ते मला सुचलं नाही.

घरी जाताना थुआन पुढे होता. लोक वाट सोडत होते, हात जोडत होते. बा आणि मी मागून चाललो होतो.

"तुला दिसलं," बा म्हणाला.

"हो."

"पहिल्यापासून असंच आहे ते. पोरगा होतो तेव्हापासून. टोपली सुटली की व्हायचं. रोज." तो सावकाश चालत होता, गुडघ्यांची काही तक्रार दिसत नव्हती. "तुझ्या आईला माहीत होतं. बोचक्यात विजारीच विजारी कोंबायची. पोरं हसायची, नवरदेव निघाला म्हणायची."

मी थांबले. बाही थांबला. आई गेली आणि त्यानं बोट सोडली, ती गुडघ्यांमुळे असं आम्ही सगळे समजत होतो.

"मला सांगायचं होतंस, बा."

"काय बोलणार गं?" बा म्हणाला. "पोरीला?"

गेल्या खेपेचं बोचकं मीच बांधलं होतं. एकच विजार दिली होती मी त्याला.